हुरड्याला येताय ना, मग आगटीचं ऐका

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की संभाजीनगरच्या चारी वाटांवर, जालना रोडला, पैठणच्या बाजूला, वेरूळ-खुलताबादकडे, 'हुरडा पार्टी'चे फलक दिसायला लागतात. फाटकातून आत गेलं की दुसरा फलक असतो, नियमांचा. पिकात शिरू नये. मद्यपान सक्त मनाई. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. आगटीजवळ लहान मुलांना सोडू नये. (आगटी म्हणजे कणसं भाजायचा विस्तवाचा खड्डा.) हा फलक वाचणारा पाहुणा विरळा. त्याला टेकून फोटो मात्र सगळेच काढतात.

पाहुणा हॉटेलात आल्यासारखा येतो, गोंधळ इथंच सुरू होतो. हॉटेलात नियम मोडला तर फार तर वेटर कुरकुरतो. रानात मोडला तर पीक झोपतं, बकरी दगावते, पोराचा हात भाजतो. यातला एकही नियम मालकाच्या लहरीतून आलेला नाही. पण फलकावर 'करू नये' एवढंच असतं, 'का' कुठंच नसतं.

आधी वेळेचं बघू, कारण सर्वात जास्त वाद त्यावरूनच होतात.

हुरड्याची ज्वारी पेरल्यापासून साधारण तीन-सव्वातीन महिन्यांनी चिकात येते. दाणा नखानं दाबला की दाट चीक निघतो, पाणी नाही आणि पीठही नाही, तो खरा हुरडा. ही अवस्था एका तुकड्यात जेमतेम आठवडाभर टिकते. म्हणून जाणता शेतकरी आठ-दहा दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं पेरतो. वाणही ठरलेले असतात. गुळभेंडी, सुरती हे जुने. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' तर खास हुरड्यासाठीच काढलेला आहे. साध्या ज्वारीचाही हुरडा होतो, पण तिचा दाणा बोंडातून सहज सुटत नाही. चोळणाऱ्याचे हात सोलून निघतात आणि खाणाऱ्याच्या तोंडात कोंडा येतो.

कणसं त्याच दिवशी सकाळी, दव ओसरल्यावर तोडतात. एका कणसातून मूठभर हुरडा निघतो, म्हणून माणशी आठ-दहा कणसं धरायची. चाळीस जणांचा गट म्हणजे साडेतीनशे-चारशे कणसं. तोडलेलं कणीस दुपारपर्यंत सुकायला लागतं आणि दाण्यातली गोडी उतरते. दहाला येतो म्हणून सांगितलेला गट एक वाजता उगवतो आणि वर 'हुरडा गोड नाही हो' म्हणतो, त्याचं कारण हे आहे. चाळीस सांगून पंचवीस आले तर पंधरा जणांची कणसं गोठ्यात जातात. चिकात तोडलेल्या कणसाची ज्वारी होत नाही आणि बियाणंही होत नाही. आगाऊ पैसे मागितले की नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा डोक्यात घ्यावा.

बाहेरगावाहून येणारे हमखास उलटा बेत आखतात. सकाळी वेरूळ, मग तीन वाजता हुरडा. तो सुलटा करा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, कैलासावर चांगलं ऊन दुपारनंतरच येतं. सकाळी दहाला आगटीवर बसा, एकच्या सुमाराला जेवा आणि मग लेण्यांकडे निघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. तरी दर मंगळवारी वेरूळच्या दारावरून परतलेली एखादी गाडी कुठल्या तरी शेतावर 'आत्ता हुरडा मिळेल का' म्हणत येऊन थांबतेच.

आता आगटी. दीड-दोन फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा. त्यात गोवऱ्या रचून पाहुणे यायच्या पाऊण तास आधी पेटवायच्या. धूर संपून नुसता लाल विस्तव आणि वर राखेचा थर राहिला की आगटी तयार. कणसं त्या राखेत खुपसून तीन-चार मिनिटं फिरवत राहायची, दाणे तडतडायला लागले की बाहेर काढून आपटून राख झाडायची, आणि गरम असतानाच चोळायची. सुपात पाखडून कोंडा उडवला की हुरडा हातात. जाळ असेल तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून कणसं भाजणारा माणूस जाळ होऊ देत नाही. आणि पाहुणे नेमकं तेच करतात. 'थंडी आहे, जरा पेटवा की' म्हणत काटक्या टाकतात, कागदी कप टाकतात, वेफर्सचं पाकीट टाकतात. त्या पाकिटाच्या आत प्लास्टिकचा थर असतो. पुढचे निदान दोन-तीन घाणे त्या जळक्या वासाचे होतात आणि ते खाणारे बहुधा दुसरेच कोणी असतात. शेकायचंच असेल तर वेगळी शेकोटी मागा, कोणीही आनंदानं पेटवून देईल.

एका आगटीवर आठ-दहा माणसं नीट बसतात. त्यापेक्षा जास्त झाली की मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून वाकतात, आणि अपघात तिथंच होतो. नायलॉनची ओढणी, पॉलिस्टरचा कुर्ता ठिणगीनं नुसता जळत नाही, वितळून अंगाला चिकटतो. सुती घालून या. पायात बूट-चप्पल ठेवा, कारण विझल्यासारखी दिसणारी राख आत तासन्‌तास धगधगत असते. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई, काही लावू नका.

हुरडा हातात पडल्यावर पाच मिनिटांत खायचा असतो. थंड झाला की चिवट होतो. 'आमचं भरून ठेवा, आम्ही जरा फिरून येतो' हे म्हणून इथं चालत नाही. पार्सलही त्याचमुळं देत नाहीत. भाजलेला गरम हुरडा पिशवीत बांधला की घामेजतो आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. घरी न्यायचाच असेल तर कच्चा, सोललेला मागा. तो फ्रीजरमध्ये बरेच दिवस राहतो, खाताना तव्यावर परतायचा. सोबतच्या शेंगदाण्याच्या आणि लसणाच्या चटणीवर मात्र जपून. हुरडा पोटात फुगतो, तासाभरानं जेवण असतं, आणि त्या जेवणात भाकरी-पिठलं-ठेचा-वांग्याचं भरीत वाट बघत असतं.

फोटोंचं प्रकरण मोठं आहे. चिकातल्या ज्वारीचं ताट माणसाच्या डोक्याच्या वर जातं आणि त्याचं सगळं वजन शेंड्याला असतं. दोन माणसं आत शिरली, हातांनी ताटं बाजूला सारली, की ती आडवी होतात ती पुन्हा उभी राहत नाहीत. कणीस मातीला लागतं, उंदरांचं होतं, आणि जनावरांच्या चाऱ्याचा कडबा मोडतो. पाहुण्याला वाटतं, ज्वारीच तर आहे. पण मराठवाड्यात कडब्याची किंमत अशी आहे की काही वर्षी शेतकरी दाण्यापेक्षा त्याच्याकडेच बघून ज्वारी पेरतो. आणखी एक, ज्वारीची कूस अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. लहान बाह्यांचा ड्रेस घालून पिकात उभं राहणाऱ्यांना हे संध्याकाळी कळतं.

यावर उपाय शेतकऱ्याच्याच हातात आहे. बांधालगतच्या दोन ओळींत सात-आठ फुटांची मोकळी जागा पेरतानाच सोडायची आणि 'फोटो इथे' अशी पाटी लावायची. पलीकडचं रान आपोआप वाचतं. जिथं ठिबक आहे तिथं १६ मिलिमीटरच्या नळ्या पायवाटेवरून जाणार नाहीत असं बघायचं, कारण टाचेखाली जोड निसटला तर रात्री मोटार सुरू केल्यावर पाणी कुठं गेलं ते शोधत फिरावं लागतं.

शेजारच्या हरभऱ्याच्या, तुरीच्या शेंगा तोडून खाणं हे पाहुण्यांना चोरी वाटतच नाही. 'शेतातलं ताजं, बिनाऔषधाचं' म्हणून लेकरांच्या हातात देतात. इथं थांबा. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरायच्या दिवसांत घाटेअळीवर फवारणी होते आणि फवारल्यानंतर किती दिवस पीक तोडायचं नाही हे औषधागणिक वेगळं असतं. काल फवारलं की महिन्यापूर्वी, हे घाट्याकडे बघून ओळखता येत नाही. ढाळे, म्हणजे घाट्यांसकट हरभऱ्याचे हिरवे डहाळे, खायचे असतील तर मागा, फवारणी न केलेल्या तुकड्यातले उपटून देतात. शेंडे खुडल्यानं हरभरा फुटतो हे खरं, पण ते फुलोऱ्याच्या आधी. घाटे लागल्यावर खुडलं तर उत्पन्नच खुडलं.

जनावरांना उरलंसुरलं खाऊ घालायची हौस तर विचारूच नका. बकरीला ताटातला हुरडा, भाकरी, गूळ असं एकामागून एक चाळीस जणांनी प्रेमानं दिलं की तिच्या पोटात दाण्याचा मारा होतो, पोट फुगतं, रवंथ थांबतं आणि रात्री डॉक्टर बोलवावा लागतो. ज्वारी कापलेल्या तुकड्यातले कोवळे फुटवे उपटून देणं त्याहून वाईट. त्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि त्यानं जनावर तासाभरात मरू शकतं. हे गावातल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून फलकावर लिहायचं कोणाला सुचत नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ते कुठून कळणार?

दारूबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, पण एवढं सांगायला हवं. परवाना नसलेल्या जागी पिणं चालू दिलं तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली जागा चालवणाराही अडकतो. 'आम्ही गाडीत बसून घेतो' हा मधला मार्ग नव्हे, कारण बाटली शेवटी धुऱ्यावरच फुटते. त्याच काचांवरून उद्या बाया अनवाणी खुरपायला येतात.

पाणी. जानेवारीत विहिरीला पाणी दिसतं म्हणून 'रेनडान्स आहे का' असं विचारणारे आहेत. तेच पाणी मेपर्यंत पुरवायचं असतं आणि पुढं टँकर लावायची वेळ येऊ शकते. नळ सोडून हात धुण्यापेक्षा बादली-तांब्या वापरला की पाणी कितीतरी कमी लागतं. विहिरीला सगळीकडे कठडा असतो असं धरून चालू नका, पोरांना एकटं धाडू नका.

आता शेतवाल्यांना दोन शब्द. नियम पाळले जात नाहीत यात अर्धा वाटा तुमचा आहे. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून भज्जी-आंबील खाऊ घालतात, तिथं 'या, बसा' हीच रीत. ती रीत हाडात मुरलेला माणूस पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला 'हे करू नका' म्हणताना अवघडतो. मग तो फलक लावतो आणि फलकाच्या आड लपतो. पंधरा नियमांच्या फलकातला एकही लक्षात राहत नाही. शिवाय फाटकापर्यंत आलेल्या गटाचे पैसे भरून झालेले असतात, गाडीत बाटली असते, लेकरं भुकेली असतात. तेव्हा नियम सांगणं म्हणजे भांडण काढणं.

सांगायची वेळ बुकिंगच्या फोनवर, पैसे घ्यायच्या आधी. प्रत्येक गटात एक म्होरक्या असतो, जो फोन करतो, पैसे गोळा करतो. त्यालाच सांगायचं आणि 'तुमच्या माणसांना तुम्ही सांगा' असं त्याच्याच गळ्यात घालायचं. तुमच्यापेक्षा त्याचं ऐकतात. 'आम्ही फक्त हुरडा खाणार, जेवण नको, मग पैसे कमी करा' हा वादही तिथंच मिटवायचा. दर कणसांचा आहे, काम करणाऱ्या बाईच्या मजुरीचा आहे की जेवणाच्या ताटाचा, ते आधीच फोडून सांगितलं की पुढं घासाघीस होत नाही. लेकरांचा दर वयावरून ठरवा, 'तो कुठं खातो' यावरून नको. आणि आगटीपाशी बोलका माणूस बसवा. कणीस फिरवता फिरवता 'दादा, कप इकडं टाका, तुमच्याच हुरड्याला वास लागंल' असं तो म्हणाला की लोक हसून ऐकतात.

व्हॉट्सॲपवर पाठवायला एवढा मजकूर पुरतो:

'सकाळी १० पर्यंत पोहोचा, कणसं त्याच वेळेच्या हिशेबानं तोडतो. सुती कपडे, बंद बूट. दारू चालणार नाही, गाडीतसुद्धा नाही. शेंगा आणि ढाळे मागा, देऊ. स्वतः तोडू नका, फवारणी झालेली असते. बकऱ्यांना काही खाऊ घालू नका. फोटोसाठी जागा ठेवली आहे. माणसं कमी-जास्त झाली तर आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत कळवा.'