केळशी ते दाभोळ: अकरा वेळा बंद पडलेली गाडी आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. ताम्हिणी दिवाळीनंतरही हिरवा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, फोटोही सगळ्यांकडे आहेत. मी लिहितोय ते दुसऱ्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी मी २१०० रुपये आणि जवळजवळ सहा तास अशा बिघाडापायी घालवले, जो गाडीत नव्हताच.

आम्ही दोघं होतो. माझी मोटरसायकल २०१६ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा साध्या यांत्रिक पद्धतीने मिसळणारी. मावसभावाची नवी, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची), फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे सेन्सरच्या मदतीने पेट्रोल सोडणारी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच भांडण झालं.

सकाळी बागमांडल्याहून फेरीने वेसवीला उतरलो आणि केळशीच्या दिशेने निघालो. त्या भागात चिऱ्यांचे ट्रक सतत चालतात. उतारावरच्या वळणावर चिऱ्यांचा तांबडा भुगा आणि बारीक खडी रस्त्याच्या मधोमध साचते आणि लांबून ती रस्त्याच्या रंगातच मिसळून जाते. वेग तीसच्या आसपास होता. पुढचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या अंगावर झोपली. जॅकेट आणि नी गार्ड होते म्हणून मला कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. (हे न घालता कोणी निघणार असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.) गाडीचा क्लच लिव्हर अर्धा तुटला, गिअर लिव्हर आत वाकला, फूटरेस्ट वर गेला आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं.

इथे पहिली चूक माझी. गाडी पडल्यावर आधी चावी बंद, मग पेट्रोलचा कॉक बंद, मग गाडी उभी, हा क्रम मला पाठ आहे. पण मी घाईघाईने गाडी उचलली आणि कॉक तसाच चालू ठेवून चोक (ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं) ओढून सेल्फ मारत बसलो. आडव्या पडलेल्या गाडीत कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि इंजिनात आधीच पेट्रोल जास्त झालेलं असतं. त्यात चोक ओढणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, चोक बंद ठेवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून किक मारायची. सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरट धूर येतो, कारण ऑइल एअर फिल्टरच्या बाजूला गेलेलं असतं. तो धूर दोन-तीन किलोमीटरमध्ये थांबला तर काळजी नाही. ऑइलची पातळी मात्र गाडी सरळ उभी करून बघाच.

तेवढ्यात मावसभाऊ सांगत होता, ‘चावी बंद करून परत चालू कर, सेन्सर रिसेट होईल.’ त्याच्या गाडीसाठी हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गाडी आडवी झाली की टिप ओव्हर सेन्सर इंजिन बंद करतो आणि चावी बंद-चालू केल्याशिवाय ते सुरू होत नाही. पण माझ्या गाडीत असा सेन्सरच नाही. हे मी त्याला दिवसभरात चार वेळा सांगितलं. तो चारही वेळा ‘तरी करून बघ’ म्हणाला. पडलेल्या गाडीबद्दल सल्ला ऐकण्याआधी सल्ला देणाऱ्याची गाडी कोणती ते विचारा, एवढंच म्हणतो.

गाडी अखेर सुरू झाली. पुढच्या गावात एक मेकॅनिक भेटला. त्याने लिव्हर बदलला (माझ्याकडे जादाचा होता, तुम्हीही ठेवा), गिअर लिव्हर पाइप घालून सरळ केला, न विचारता प्लग बदलला आणि ‘गळती पण बंद करून दिली’ म्हणाला. सातशे रुपये. गळती कशी बंद केली हे मी विचारलं नाही. ही दुसरी चूक, आणि सगळ्यात महाग.

केळशी सोडून दहा-बारा किलोमीटर गेलो असू. आंजर्ल्याच्या चढावर गाडी दोन-तीन आचके देऊन बंद पडली. पेट्रोल आहे का, हे बघायला मी गाडी हलवली, आत खळखळलं. तिथेच झाकण उघडून बघितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पाच मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली, आठेक किलोमीटर चालली, परत आचके, परत बंद. हर्णैला मासे खायचा बेत होता, तो गेला. दापोलीपर्यंत चार वेळा हेच झालं.

दापोलीत दुसरा मेकॅनिक. त्याने प्लग काढला, कोरडा होता. प्लग ओला निघाला तर पेट्रोल येतंय पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय, आणि कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मग कोरड्या प्लगच्या गाडीसाठी ‘सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारा डबा) गेलाय, चिपळूणहून मागवावा लागेल’ असं तो का म्हणाला, ते मला आजही कळलेलं नाही. मी नको म्हटल्यावर त्याने कार्ब्युरेटर उघडून धुतला, चौदाशे रुपये घेतले, एक किलोमीटरची चक्कर मारून ‘ओके’ म्हणाला आणि पेट्रोल खराब असेल, टाकी फुल करा असा सल्ला दिला.

मी टाकी फुल केली. पंपावरून गाडी मस्त निघाली आणि मी मावसभावाकडे बघून अंगठा दाखवला. चौथ्या किलोमीटरला गाडी बंद.

त्यानंतर दाभोळपर्यंत दर तीन-चार किलोमीटरला बंद. फुल टाकीत गाडी जास्त लवकर का बंद पडते, हा प्रश्न मला उन्हात डोक्यावर हेल्मेट ठेवून पडायला हवा होता. पडला नाही. त्या वेळी डोक्यात एवढंच होतं की गाडी टेम्पोत टाकून पुण्याला पाठवावी आणि एसटीने जावं. एका टेम्पोवाल्याला विचारलं. त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

दाभोळच्या जेट्टीच्या उतारावर गाडी ढकलत आणली. धोपाव्याची फेरी समोरच्या काठावर होती. धक्क्यावर एक वयस्कर मच्छीमार जाळं विणत बसला होता. त्याने आमचा सगळा तमाशा बघितला, किती चालते, किती वेळाने सुरू होते ते विचारलं आणि म्हणाला, ‘टाकीत हवा जातेय का बघा की.’ मला वाटलं तो चाकात हवा म्हणतोय. त्याने उठून टाकीकडे बोट दाखवलं. छोट्या होड्यांच्या बाहेरच्या मशीनला जी सुटी टाकी असते, तिच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. तो उघडायला विसरलं की मशीन थोडा वेळ छान चालतं आणि खाडीच्या मध्यावर बंद पडतं. ‘नवीन पोरं रोज विसरतात,’ म्हणाला.

झाकण उघडलं. फुस्स. टाकी बाहेरची हवा आत ओढत होती. झाकण उलटं केलं तर रबराखाली दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा, छान चिकटवून बसवलेला. पहिल्या मेकॅनिकने गळती बंद केली होती ती अशी. पेट्रोल बाहेर येणं बंद झालं आणि हवा आत जाणंही बंद झालं. त्या झाकणातलं सुईच्या नेढ्याएवढं भोक हीच माझ्या टाकीची एकमेव हवेची वाट. पेट्रोल खाली जात राहतं, त्याच्या जागी हवा येत नाही, आत पोकळी ओढ धरते आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी धार आटते. फुल टाकीत वर मोकळी जागा थोडी, त्यामुळे ओढ लवकर तयार होते. म्हणून फुल टाकीवर चार किलोमीटर आणि अर्ध्या टाकीवर दहा. आणि पंपावर झाकण उघडलं होतं म्हणून ‘नवीन पेट्रोलने’ गाडी सुधारल्यासारखी वाटली होती. झाकण तेव्हा पंपावरच्या पोराच्या हातात होतं आणि मी मोबाइल बघत होतो.

तुकडा काढला, भोकात भुगा बसला होता तो जेट्टीवरच्या चहावाल्याकडून स्टोव्हची पिन मागून साफ केला. धोपाव्याहून गुहागरपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. झाकण ठिबकत होतं, त्यावर फडकं बांधलं आणि टाकी अर्धीच ठेवली. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत झाकणाचं नवं रबर घेतलं. नव्वद रुपये.

मागून येणाऱ्यांसाठी, अनुभवाच्या क्रमाने नाही तर ज्या क्रमाने मी आता तपासेन त्या क्रमाने: पडल्यानंतर गाडी थोडं चालून बंद पडत असेल तर बंद पडल्या क्षणी, दुसरं काहीही करण्याआधी, झाकण उघडा आणि कान द्या. लगेच सुरू होऊन नीट चालली तर तिथेच निकाल. खात्री हवी असेल तर कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पाइपमधून येणारी धार बाटलीत धरा. धार बारीक होत थेंबांवर आली आणि झाकण उघडताच परत मोकळी झाली तर शंका नको. इंजिन गार असू द्या, जवळ सिगरेट नको. बीएस-६ गाडीत टाकीची हवा कोळशाच्या कॅनिस्टरमधून फिरते, त्यामुळे तिथे पडताना टाकीखाली चेपलेला पाइप शोधा.

न्यूट्रलमध्ये चालते आणि गिअर टाकला की मरते, तर साइड स्टँड वाकलाय किंवा त्याचा स्विच गेलाय. हँडल एका बाजूला वळवलं की मरते, तर चावीखालच्या वायरा ताणल्या आहेत. अजिबातच सुरू होत नाही, तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा. पडताना तो दाबला जातो आणि माणूस अर्धा तास बॅटरीला शिव्या देतो. इंजेक्शनच्या गाडीत वळणावर किंवा खड्ड्यात मरत असेल तर टिप ओव्हर सेन्सर जागेवरून सुटला असेल. हा शेवटचा मुद्दा मावसभावाच्या आग्रहाने.

मेकॅनिकने जे काही लावलं, चिकटवलं, बांधलं, ते दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी. आणि चक्कर त्याने नाही, तुम्ही स्वतः मारा, ज्या अंतरावर गाडी बंद पडते त्याच्या दुप्पट.

तिसरा दिवस हेदवी, तवसाळ, जयगडची फेरी, गणपतीपुळे. गाडी चालली. रस्ता बरा आहे.