बायोसमध्ये कीबोर्ड चालतो, सेटअपमध्ये मरतो

मालवणच्या एका लॅबची केस अजून डोक्यातून जात नाहीये. तिथलं रक्त तपासायचं मशीन जुनं पण ठणठणीत, फक्त त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या ३२ बिटवरच चालतं. खाऱ्या हवेने जुन्या पीसीचा बोर्ड खाल्ला, रॅमच्या स्लॉटपाशी हिरवा गंज धरलेला. लॅबच्या ताईंनी इंटेलच्या सहाव्या जनरेशनचा सेकंडहँड पीसी आणला आणि विंडोज टाकायचं सेटअप अडलं. माझ्या आधी आलेल्याने पेनड्राइव्ह खराब म्हणून दोन नवे घ्यायला लावले, त्याच्यानंतरच्याने बोर्डच गेला म्हणून सांगितलं. न बघता असं कसं सांगतात लोक?

स्क्रीनवर मेसेज काय, तर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही. पीसीला डीव्हीडी ड्राइव्हच नाही! खरं दुखणं यूएसबीचं. विंडोज ७ आलं २००९ साली, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, आणि इंटेलने २०१५ च्या या चिपसेटपासून जुना यूएसबी २ चा कंट्रोलर काढूनच टाकला, म्हणजे सगळे पोर्ट यूएसबी ३ च्याच कंट्रोलरवर. बायोस, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, स्वतःच्या जोरावर कीबोर्ड चालवतो म्हणून सगळे फसतात, सेटअप सुरू झालं की कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह सगळं एकदम बंद. कीबोर्डचा जुना गोल पीएस-टू पोर्ट असता तर निदान कीबोर्ड तरी चालला असता, तोही नव्हता.

मग लॅपटॉप काढला, विंडोजच्या इमेज फाइलमध्ये बदल करणाऱ्या डिझम कमांडने बूट डॉट विमची, म्हणजे सेटअप जिच्यातून चालतं त्या फाइलची, दुसरी इमेज उघडून त्यात इंटेलचे ३२ बिट ड्रायव्हर घातले, डिस्कवर उतरणारी विंडोज जिच्यात असते त्या इन्स्टॉल डॉट विममध्येही घातले, बायोस लेगसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बूटवर केला. सेटअप सरळ चालू झालं. बाकावर आचऱ्याचे एक आजोबा उपाशीपोटी रक्त देऊन बसलेले, सारखं विचारत होते, "रिपोर्ट आज गावतलो मां?"

इन्स्टॉल पूर्ण झालं, युजरचं नाव विचारणारी स्क्रीन आली आणि कीबोर्ड परत मेला. पोटात गोळाच आला. इन्स्टॉल डॉट विममध्ये विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या नंबराने असतात, बघितलं तर मी ड्रायव्हर घातले होते पहिल्या नंबरला, म्हणजे स्टार्टरला, आणि टाकलं होतं प्रोफेशनल, ते चौथ्या नंबरला. परत पहिल्यापासून सगळं. तो एक नंबर आधी बघितला असता तर आजोबांना साडेबाराची एसटी मिळाली असती, हे राहून राहून आठवतं.

तीनच्या सुमारास त्यांचा रिपोर्ट प्रिंट झाला. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत म्हणून नेटची वायर काढून ठेवली, आणि ताईंना सांगितलं, हा पेनड्राइव्ह इथेच ड्रॉवरमध्ये ठेवा, कोणी फॉरमॅट मारायला मागितला तरी देऊ नका.