परतफेड संपली तो दिवस

तासगाव तालुक्यातील एका बँक शाखेत मी व्यवस्थापक होतो, तेव्हाचा हा प्रसंग आहे. २०२५ सालचा जानेवारी महिना होता, द्राक्षांचा निर्यातीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि शाखेत येणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात थंडी, साखर उतरणे आणि व्यापाऱ्याचा दर एवढेच विषय होते. त्या दिवशी सकाळी एका शैक्षणिक कर्जाचे खाते बंद झाले. एरवी अशा नोंदीकडे मी सही करण्यापुरते पाहिले असते. पण हे कर्ज २०१६ मध्ये याच शाखेत कर्ज अधिकारी असताना मीच तयार केले होते आणि दोन बदल्यांनंतर मी पुन्हा इथे आलो होतो. आपण बांधलेली फाईल आपल्याच हाताने बंद करण्याची संधी बँकेच्या नोकरीत क्वचितच मिळते, म्हणून कर्जदाराच्या वडिलांना मी निरोप पाठवला की तारण ठेवलेले कागद आजच घेऊन जा.

हे गृहस्थ अडीच एकर द्राक्षबागेचे मालक. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले आणि अनेक कंटेनर अडकून पडले. त्यात यांचाही माल होता. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी मारलेले औषध पुढच्या वर्षी घडात उतरते, हे तेव्हा गावात कोणाला माहीत नव्हते. मुलगा त्या वेळी दहावीत होता. त्याने पुढे अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली आणि नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठात अन्नसुरक्षेच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला. कर्जाच्या अर्जासोबत जोडायच्या पत्रात त्याने साध्या मराठीत लिहिले होते की आमचा माल ज्या कारणाने परत आला ते कारण मला तिथे जाऊन शिकायचे आहे. शैक्षणिक कर्जाच्या फायलींत मी शेकडो हेतुपत्रे वाचली असतील, पण लक्षात राहिलेले ते एकच.

कर्ज २८ लाखांचे होते. शेतजमीन तारण म्हणून चालण्यासारखी नव्हती, कारण थकीत कर्जात तारण ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा बँका वापरतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून द्राक्षाच्या एका चांगल्या वर्षी तासगावात घेतलेले दोन गुंठे आणि त्यावरचे घर यांचे मूळ खरेदीखत आम्ही ठेवून घेतले. प्रत्येक सत्राची फी परदेशी पाठवताना वडील शाखेत येत, ए-२ फॉर्मवर अंगठ्याएवढी मोठी सही करीत, आणि रुपयांचे युरो होताना किती कमी दिसतात याचे त्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटे. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे हप्ता न भरण्याच्या सवलतीचे एक वर्ष यांचे व्याज चढून कर्ज साडेचौतीस लाखांच्या पुढे गेले. साडेदहा टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता ४६ हजार ७०० रुपयांच्या आसपास बसला. मुलाला रॉटरडॅमजवळ आयात मालाची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, त्यामुळे हप्ता एकदाही चुकला नाही. अधूनमधून जादा रक्कम भरत त्याने मुदतीच्या निम्म्यातच, व्याजासह ४६ लाखांच्या वर भरून, खाते मिटवले.

वडील दुपारी बाराच्या सुमारास आले. पांढरा सदरा, टोपी, हातात बेदाण्याची पिशवी. मी खरेदीखताची फाईल पुढे केली, तेव्हा त्यांनी तिला हात लावला नाही. थोडा वेळ टेबलाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, कागद हितंच राहू द्या की."

मला वाटले, घरी ठेवायला जागा सुरक्षित नसेल, म्हणून मी लॉकरचे सुचवले. त्यांनी मान हलवली. "तसं न्हाई. पाच तारखेला त्याचा फोन येतोय. आण्णा, हप्ता बसला का, म्हणून इचारतो. मग बागेचं इचारतो, आईचं इचारतो. कागद बँकेत हाय तवर त्याचं हिकडं काम हाय. आता हप्ताच संपला, तर त्यानं हिकडं फोन कशासाठी करायचा?"

या बोलण्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही, म्हणून मी नियमाचा आधार घेतला. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करणे बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग मी, केवळ बोलणे वळवावे म्हणून, विचारले की आता कर्ज नाही तर मुलगा परत येण्याचा काही विचार करतो का.

"त्यो यायलाच निघाला हुता," ते म्हणाले.

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. २०२१ मध्ये पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेने त्याला घ्यायची तयारी दाखवली होती. काम त्याच्याच विषयाचे, फळे आणि भाज्यांमधील औषधांचे अंश तपासण्याचे. पगार महिन्याला ३८ हजार. मुलाने कागदावर हिशोब मांडला: पगार ३८ हजार, हप्ता ४६ हजार ७००. खोलीचे भाडे आणि जेवण तर त्या हिशोबात यायचेच होते. वडील बाग विकायला तयार झाले, ते त्याने होऊ दिले नाही. मग त्याने ठरवले की कर्ज फिटेपर्यंत तिथेच राहायचे आणि ते लवकर फेडायचे. त्या काळात त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, आणि आता ती तिकडच्या बालवाडीत जाऊ लागली आहे. "आता येतो म्हणला तरी तिची शाळा हाय," वडील म्हणाले, आणि त्यांनी फाईल उचलून पिशवीत, बेदाण्यांच्या शेजारी ठेवली. जाताना बेदाण्याचा पुडा मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले.

ते गेल्यानंतर मी बराच वेळ त्या बंद खात्याचा उतारा पाहत बसलो. बँकेच्या दृष्टीने हे आदर्श कर्ज होते. देशाच्या दृष्टीने हिशोब मांडायचा तर तोही वरवर चांगलाच दिसतो: २८ लाख बाहेर गेले, ४६ लाख आत आले. २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम १२९ अब्ज डॉलरच्या घरात होती, असा जागतिक बँकेचा तेव्हाचा अंदाज होता. आखातात मजुरी करणाऱ्यांपासून अभियंत्यांपर्यंत सगळ्यांचा त्यात वाटा आहे, आणि या मुलाचे पाच तारखेचे युरोही त्यातच होते. शिवाय पैशापलीकडचाही काही लाभ गावाला झालाच. २०२० मध्ये युरोपीय संघाने क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली, तेव्हा या मुलाने हंगामाआधीच फोन करून वडिलांच्या ओळखीतल्या वीसएक बागायतदारांना ते औषध हातात धरू नका म्हणून बजावले होते. कायद्याची मर्यादा पाळली तरी तिथल्या काही मोठ्या दुकानसाखळ्या त्याहूनही कडक अटी लावतात, हेही त्यानेच गावात प्रथम सांगितले. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा माल बोटीत जास्त दिवस राहणार हे लक्षात घेऊन काढणी कधी करावी, यावर त्याने एका रविवारी दोन तास बागायतदारांशी बोलणे केले. ही सगळी माहिती त्याला तिथे राहत असल्यामुळेच वेळेवर मिळत होती, हे मान्य करायला हवे. जो परत आला नाही त्याचा देशाला उपयोग नाही, असे म्हणणे या मुलावर अन्याय करणारे आहे.

तरीही मला हा हिशोब पुरा वाटेना. तो जे देत होता ते रविवारचे होते. नोकरी आणि संसार सांभाळून उरलेल्या वेळात, फोनवरून, ओळखीच्या माणसांपुरते. तोच माणूस पुण्यात किंवा सांगलीत रोज आठ तास काम करता, तर त्याच्या हाताखाली दहा मुले तयार झाली असती. त्याची यायची इच्छा होती, बोलावणारी नोकरी होती, आणि वाट अडवून उभा होता तो आमच्या शाखेचा हप्ता. कर्ज मंजूर करताना परतफेडीची क्षमता तपासण्यासाठी मी अपेक्षित पगाराच्या रकान्यात युरोमधला पगार लिहिला होता. म्हणजे तो तिथेच राहणार, हे गृहीत धरूनच मी सही केली होती. त्याने परत यावे अशी माझी इच्छा असली, तरी माझ्या कागदात तिला जागा नव्हती.

आपल्याकडे परदेशी शिक्षणाला पूर्वी नेमके उलटे बंधनही असे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, ते दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन आणि परतल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार लिहून घेऊन. ते १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यात आलेही. पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत मान मिळाला नाही, आणि त्यांना शहर सोडावे लागले. करार परत आणू शकतो, टिकवू शकत नाही. पुढे १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला ते लंडनला गेले, तेव्हा साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेले ५,००० रुपये त्यांच्यामागे होते. त्या उसनवारीला दर महिन्याच्या पाच तारखेचा तगादा नव्हता. १९२३ मध्ये ते परतले आणि त्यांनी काय काय करायचे, हे त्यांचे त्यांना ठरवता आले. याउलट कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये पदवी घेऊन येण्याच्या वेळी अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या कक्षाची जागा त्यांच्यासाठी तयार ठेवली होती. क्षयाने त्यांना ती जागा घेऊ दिली नाही, ही गोष्ट वेगळी. पण जागा ठेवलेली होती. शिकून येणाऱ्याला बसायला पाट मांडलेला असावा, आणि त्याच्या पायात येण्याआधीच बेडी नसावी, या दोन्ही गोष्टी लागतात. माझ्या हातात त्यांपैकी दुसरी होती, आणि नऊ वर्षांपूर्वी मी तिचा विचार केला नव्हता.

त्याच दुपारी तीन वाजता जत तालुक्यातील एक मुलगी आईला घेऊन आली. तिची वेळ आधीच ठरलेली होती. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, दोन वर्षे म्हैसाळ योजनेच्या कालव्यावर एका ठेकेदाराकडे नोकरी, आणि आता ब्रिटनमधील एका विद्यापीठात जलव्यवस्थापनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. मागणी ३८ लाखांची. फाईल नीट लावलेली होती, उणे काढण्यासारखे काही नव्हते, आणि आदल्या दिवशी आली असती तर मी तपासणीला पाठवून दिली असती.

मी तिला विचारले, "शिकून झाल्यावर काय करणार?" ती म्हणाली, "इथंच यायचंय, सर. जतला पाणी आलं, पण ते पुरवायचं कसं हे कुणी शिकलेलं नाही." मग मी कोरा कागद घेतला. अपेक्षित पगाराच्या जागी पौंडांचा आकडा न लिहिता, असे शिक्षण घेतलेल्या अभियंत्याला सांगली-पुण्यात सुरुवातीला किती मिळेल ते तिलाच विचारून लिहिले: ४५ हजार. त्याखाली ३८ लाखांवर दोन वर्षांचे व्याज चढवून दहा वर्षांचा हप्ता काढला. तो ६२ हजार आला. ती कागदाकडे बघत राहिली. आईला आकडे वाचता येत नव्हते, पण मुलीचा चेहरा वाचता आला. "जमंना व्हय?" तिने विचारले.

आम्ही तिघे त्या कागदावर दीड तास बसलो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, आणि तिथे राहण्याच्या खर्चापोटी तेव्हा वर्षाला ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागत. म्हणजे त्या वेळच्या दराने साडेदहा लाखांच्या आसपास. तिच्या विषयाचे इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम तिथे आहेत, हे तिला माहीत होते. दोन वर्षे लागतात आणि नातेवाईक ब्रिटनचे नाव ओळखतात, म्हणून तिने ते बाजूला ठेवले होते. २२ लाखांचे कर्ज, तीन वर्षांचे व्याज आणि परतफेडीची मुदत पंधरा वर्षे धरली, तेव्हा हप्ता ३२ हजारांच्या जवळ आला. ४५ हजारांत तो ओढाताणीचा होता, पण अशक्य नव्हता. शाखेच्या उद्दिष्टात त्या महिन्यात १६ लाखांची घट होणार होती, ती मी सोसायची ठरवली.

मुलगी म्हणाली की घरी विचार करून सोमवारी येते. तिने तो हिशोबाचा कागद मागून घेतला. मी त्याची झेरॉक्स काढली, मूळ कागद तिला दिला, आणि झेरॉक्स तिच्या फाईलमध्ये, हेतुपत्राच्या मागे लावून ठेवली.

संध्याकाळी शाखा बंद करताना तासगावच्या त्या गृहस्थांचा फोन आला. मुलाला फाईल मिळाल्याचे कळवले होते. "साहेब," ते म्हणाले, "आज पाच तारीख न्हवती, तरी अर्धा तास बोलला."