अंग येते हे सांगायला आत्याबाईंना बारा वर्षं लागली

गोठ्यामागच्या दोरीवर लुगड्याखाली झाकून वाळत घातलेल्या चिंध्या दिसल्या आणि मी थांबलीच. आमच्या घरात पाळी येणारी मी एकटी, आणि त्या चिंध्या माझ्या नव्हत्या. एकीवर रक्ताचा डाग होता. आत्याबाईंची (म्हणजे माझ्या सासूबाई) पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेली.

विचारलं तर आधी म्हणाल्या मूळव्याध आहे. मग रात्री सगळे झोपल्यावर चुलीपाशी बसून हळूच बोलल्या, "अंग येते माय मले. बारा वर्षं झाले. कोणाले सांगू नोको." अंग येते म्हणजे गर्भपिशवी खाली उतरून बाहेर येते.

बारा वर्षं. मी त्या घरात नऊ वर्षांपासून होती, एकाच मोरीत आंघोळ करत होतो आम्ही दोघी, आणि मला पत्ता नव्हता. त्या लंगोट बांधून कापूस वेचायला जात, कमरेला भरलेली ओटी, संध्याकाळी डोक्यावर गाठोडं, आणि लघवीला बसल्या की आधी हाताने ते आत ढकलायचं तेव्हा कुठे लघवी व्हायची. घडीघडी जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायच्या. भजनाला जाणं बंद केलं होतं, आम्हाला वाटायचं गुडघे दुखतात.

पाच बाळंतपणं, पहिलं सतराव्या वर्षी, सगळी घरीच. तिसऱ्याच्या वेळी बाराव्या दिवशी निंदायला गेल्या कारण सोयाबीनमध्ये गवत झालं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. हे त्यांनी मला तक्रार म्हणून नाही, असंच सांगितलं.

मी त्यांना तालुक्याला एका दवाखान्यात नेलं. तिथे तपासलंच नाही, टेबलावर झोपवलं सुद्धा नाही, "उमर झाली, होतेच, पिशवी (म्हणजे गर्भपिशवी) काढून टाका" एवढं म्हणून ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. आत्याबाई बाहेर येऊन म्हणाल्या, पाहा, काही नाही म्हणते डॉक्टर. आणि मी पण वेचणी संपू दे म्हणून थांबली, ते माझं चुकलं. कारण पंधरा दिवसांनी एका रात्री त्यांना लघवीच होईना, ओटीपोट दगडासारखं घट्ट, बाहेर आलेलं आत जाईना. ऑटोने सरकारी दवाखान्यात नेलं, नळी टाकली तेव्हा जीव हलका झाला. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांवर थोडी सूज निघाली. डॉक्टर मॅडमने समजावलं की पिशवी एवढी खाली आली की लघवीच्या नळ्या मुडपतात, लघवी वर तुंबते आणि किडनीवर ताण येतो. आणि रक्त यायचं ते कपड्यावर घासून घासून पडलेल्या जखमेचं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं की कॅन्सर नाही ना ते पाहावंच लागतं म्हणून मॅडमने तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला निघाला.

आता मला जे समजलं ते सांगते, कारण हे आमच्याकडे कोणी नीट सांगत नाही. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची जणू एक बाज विणलेली असते, तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाची जागा टेकून असतात. बाळंतपणात ती वीण ताणते, कधी तुटते. मग वरून वजन उचलणं, चुलीच्या धुराचा जुना खोकला, बद्धकोष्ठाने कुंथणं, आणि पाळी गेल्यावर अंगातलं इस्ट्रोजेन (बायकांच्या अंगातलं हार्मोन) कमी झालं की ती अजून ढिली पडते. सुंभ ढिला झाला की बाजेत जसा खड्डा पडतो तसं वरचं सगळं खाली येतं. कोणाचं समोरून येतं, त्यात लघवीची पिशवी असते. कोणाचं मागून येतं, त्यात शौचाची जागा, म्हणून शौचाला बोटाने दाबावं लागतं. कोणाची गर्भपिशवीच उतरते. डॉक्टर लोकं त्याच्या चार स्टेज करतात, पहिलीत बाईला कळत सुद्धा नाही, चौथीत सगळंच्या सगळं बाहेर. आत्याबाईंची चौथी होती.

आणि म्हणूनच नुसतं "पिशवी काढा" हे उत्तर अर्धवट आहे. गादी उचलून फेकली तरी बाज ढिलीच राहते ना? नुसती पिशवी काढली आणि वरचा आधार नीट बांधला नाही तर पुढे योनीचाच वरचा भाग खाली येऊ शकतो. कमी वयाच्या, अजून लेकरू पाहिजे असलेल्या बायांसाठी तर पिशवी ठेवून ती पट्टीने वर बांधायची ऑपरेशनं आहेत, त्यातली दोन आपल्याच मुंबईच्या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जातात, शिरोडकर आणि पुरंदरे. तुमची पिशवी काढायची म्हणे कोणी तर आधार कसा बांधणार हे विचारा. विचारायला लाजू नका.

आत्याबाईंची आधी जखम भरू दिली. औषध लावलेली पट्टी आत ठेवायची, सोबत इस्ट्रोजेनचं मलम, आराम. मग कमरेत सुई देऊन खालूनच ऑपरेशन, पोटावर टाका नाही. पिशवी काढली, वरचा भाग आतल्या मजबूत बंधाला टाक्याने बांधला, पुढची भिंत शिवली. तीन महिने वजन उचलायचं नाही सांगितलं आणि खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा हे तीन महिने कठीण गेले. पाण्याचा गुंड दिसला की त्यांचा हात जायचाच. शेवटी मी गुंड माळ्यावर टाकला आणि तांब्या-बादली ठेवली.

त्याच वेळी मॅडमला मी माझं पण सांगितलं, की संध्याकाळी खाली जड जड वाटते, काहीतरी उतरल्यासारखं, झोपलं की बरं वाटते. मी चौतीस वर्षांची. तपासलं तर दुसरी स्टेज, समोरची भिंत. ऑपरेशन नको, व्यायाम करा म्हणाल्या, आणि तो तोंडी नाही सांगितला, तपासताना बोट ठेवून दाखवलं की नेमकं काय आवळायचं. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवतो तसं आत-वर ओढायचं, आठ-दहा सेकंद धरायचं, सोडायचं, असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत (मी पहिले पंधरा दिवस मांड्याच आवळत होती). लघवी करताना मध्येच थांबवून रोज प्रॅक्टिस करायची नाही. खोकला-शिंक यायच्या आधी आवळून धरायचं. मला फरक तिसऱ्या महिन्यात कळला, त्याआधी वाटायचं उगाच चाललं हे. उतरलेलं पूर्ण वर गेलं असं नाही, पण जडपणा गेला. अजून करते, कापूस वेचता वेचता पण करते, कोणाला दिसते काय.

शेजारच्या काकीचं वेगळं. सत्तर वय, दमा, भूल द्यायला डॉक्टर तयार नाहीत. तिला रिंग बसवली. सिलिकॉनची, बांगडीएवढी, मऊ. दुमडून आत सरकवली की आत जाऊन उघडते आणि वरचं सगळं तोलून धरते. बसवल्यावर तिला चालवलं, खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, लघवीला पाठवलं, पहिल्या मापाची निसटली म्हणून एक नंबर मोठी घातली. ती दर तीन महिन्यांनी काढून धुवायची आणि आतून तपासून परत घालायची, हे मात्र विसरायचं नाही. वर्षानुवर्षं विसरलेली रिंग आत रुतते, जखम करते.

गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली होती, ते १९८९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टर लोकांच्या मासिकात छापून आलं. १०० पैकी ९२ बायांना बायकांचा कोणता ना कोणता आजार निघाला, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ होत्या. ते जुनं झालं, पण मी आमच्या गल्लीत पाहते तर लाज तशीच आहे. अंग येणं हा कॅन्सर नाही, लगेच जीव जाईल असंही नाही, म्हणूनच बाया दाबून ठेवतात. पण लघवी अडली, पाळी गेल्यावर रक्त दिसलं, घाण वास आला, कमरेत कळ येऊन ताप भरला, किंवा बाहेरचं आत जाईना, तर एक दिवस पण थांबू नका. सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढताना बायकांची ओपीडी म्हणा आणि डॉक्टरला सरळ सांगा, अंग बाहेर येते. कठीण शब्द लागत नाही.

पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी काकीच्या रिंगची तारीख आहे, मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला. सोबत कोण जाईल म्हटलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मी जातो नं, मले माहीत आहे आता कुठं जाचं ते."