बिल्ल्यावरचा आकडा 7 : आजेसासऱ्यांचा माग काढताना

माझ्या सासरी, इंग्लंडात, एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. ब्रिटिश हवाई दलात असलेले नवऱ्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या सागानच्या युद्धकैदी छावणीत होते, आणि कैदी ज्यातून पळाले तो तिथला प्रसिद्ध बोगदा खणण्यात त्यांचाही हात होता. आजोबा स्वतः कधी काही बोलले नाहीत; गोष्ट त्यांच्या माघारीच वाढत गेली. त्यांच्या सामानात कैद्याचा धातूचा बिल्ला निघाला. त्यावर जर्मन हवाई दलाच्या छावणीचा आकडा होता 7. सागानची छावणी 3 नंबरची. मी तिथून हात धुऊन मागे लागले.

पहिली गरज सर्व्हिस नंबरची, म्हणजे सैन्यातल्या प्रत्येकाला मिळणाऱ्या क्रमांकाची. तो नसेल, तर नुसत्या आडनावावर माणूस शोधणं म्हणजे पुण्यात कुलकर्णी शोधणं. आम्हाला तो आजोबांच्या युद्धकाळातल्या लग्नाच्या दाखल्यावर सापडला. मग सर्व्हिस रेकॉर्डसाठी अर्ज. मृत्यूला 25 वर्षं झालेली नसतील, तर पूर्ण माहिती जवळच्या वारसाच्या संमतीशिवाय मिळत नाही, म्हणून सही सासऱ्यांची. ही जुनी रेकॉर्डं 2022 पासून संरक्षण खात्याकडून लंडनजवळच्या क्यूमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलवली जाताहेत. अर्ज कुणाकडे करायचा ते आधी बघून घ्यावं. वाट पुष्कळ बघावी लागते आणि हातात पडतात त्या तारखा आणि न कळणारी लघुरूपं. पण स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलातली तुकडी, कळते. तेवढं पुरे.

खरा ऐवज स्क्वाड्रनच्या दैनंदिनीत असतो. अभिलेखागारात तिची मालिका ‘एअर 27’. त्यातल्या फॉर्म 541 वर प्रत्येक मोहिमेचं विमान, चालकदलातल्या प्रत्येकाचं नाव आणि उड्डाणाची वेळ मिळते. 12 ऑगस्ट 1944 च्या रात्री रसेल्सहाइमच्या ओपेल कारखान्यावर गेलेल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांच्या यादीत आजोबा होते. सात नावं, आणि पुढे एवढंच की उड्डाणानंतर काही कळलं नाही. बोगद्याचा निकाल इथेच लागला. सागानच्या त्या बोगद्यातून 76 जण निसटले ते 24 मार्च 1944 च्या रात्री, आणि तेव्हा आजोबा इंग्लंडातच होते.

रसेल्सहाइमबद्दल वाचताना अंगावर काटा आला. याच महिन्यात, 26 तारखेला, त्या गावातून नेत असलेल्या एका अमेरिकन विमानाच्या पकडलेल्या चालकदलावर जमाव तुटून पडला आणि सहा जण मारले गेले. आजोबा दोनच आठवडे आधी त्याच भागात पॅराशूटने उतरले होते. कुणाच्या तावडीत सापडायचं, हा निव्वळ नशिबाचा भाग. आजोबा सापडले, आणि रिवाजाप्रमाणे चौकशीसाठी फ्रँकफर्टजवळच्या ओबरुर्सेलला गेले.

सात नंबरची छावणी सायलेशियात, बांकाऊला. आता ते गाव पोलंडमध्ये आहे. सोव्हिएत फौजा जवळ आल्यावर 19 जानेवारी 1945 ला तिथल्या दीड हजारांच्या आसपास कैद्यांना बर्फातून पायी काढलं. ओडर नदी ओलांडून गोल्डबर्गपर्यंत सुमारे 240 किलोमीटर, पुढे मालगाडीच्या बंद डब्यांतून बर्लिनच्या दक्षिणेला लुकेनवाल्डला. बोगद्याची गोष्ट सांगणाऱ्या घरात या पायपिटीचा एक शब्दही नव्हता, याचं मला फार नवल वाटतं.

सुटून आलेल्या अनेक कैद्यांनी 1945 मध्ये प्रश्नावली भरून दिली होती. त्या अभिलेखागाराच्या ‘डब्ल्यूओ 344’ या मालिकेत आडनावांप्रमाणे लावलेल्या आहेत. मी क्यूला गेले, रीडर तिकीट काढलं (आत फक्त पेन्सिल चालते, पेन बाहेर ठेवावं लागतं) आणि खोका उघडला. अक्षर आजोबांचंच. पळून जायचा प्रयत्न केला होता का, या प्रश्नापुढे एकच शब्द : नाही.

सासऱ्यांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, “बरं झालं. नाहीतर नातवंडांनाही तेच सांगत बसलो असतो.” आता त्यांना बाकीच्या सहा जणांचं काय झालं ते हवंय. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव आणि तारीख टाकल्यावर दोघांची थडगी बव्हेरियातल्या दुर्नबाखला सापडली. उरलेल्या चौघांसाठी ‘एअर 81’ या, हवाई दलातल्या मृत आणि बेपत्ता लोकांच्या फायलींच्या मालिकेतली त्या विमानाची फाइल बघायची आहे. या फायली टप्प्याटप्प्याने खुल्या होताहेत. आमची खुली झाली की पुन्हा क्यूला, या वेळी सासऱ्यांना घेऊन.