कामं मिळेनात म्हणून साड्या?

प्रदर्शनातल्या स्टॉलवर एखादी बाई माझ्याकडे दोनदा वळून बघते, साडीचा काठ चाचपते आणि हळूच विचारते, "तुम्ही त्या मालिकेत होतात ना? मग हे कसं काय? कामं मिळेनात का?" विचारणाऱ्या बहुतेक माझ्या आईच्या वयाच्या असतात आणि आवाजात खरीच काळजी असते, त्यामुळे राग येत नाही. पण हातात टेप आणि समोर तीन गिऱ्हाइकं असताना याचं उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथे लिहिते.

कामं मिळत होती. मालिकेतला माझा ट्रॅक, म्हणजे माझ्या भूमिकेचा भाग, संपला तेव्हा मी 34 वर्षांची होते. पुढचे तीन फोन आले ते नायकाच्या आईसाठी, आणि त्यातला एक नायक माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. तेही केलं असतं. नकोसं झालं होतं ते वाट बघणं. मालिकेत पैसे दिवसाच्या हिशेबाने ठरतात आणि हातात येतात 90 दिवसांनी, वर 10 टक्के टीडीएस कापून. पाडव्याला ढसाढसा रडले, त्याचे पैसे आषाढात. तक्रार का नाही केलीत, असंही लोक विचारतात. ज्यांच्याकडे तक्रार करायची, त्यांच्याच पुढच्या फोनकडे डोळे लागलेले असतात हो.

साड्यांचं सुचलं ते सेटवरच. माझी भूमिका नऊवारीतली होती आणि दोन सीनच्या मध्ये साडी बदलायला दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात चापूनचोपून नेसणं अशक्य, म्हणून ड्रेसदादांनी ती शिवूनच घेतली होती: कासोटा शिवलेला, निऱ्या पक्क्या, कमरेला नाडी, पदर तेवढा खांद्यावर पिन करायचा. प्रेक्षकांचे मेसेज यायचे. मी मोठ्या आशेने उघडायचे. अभिनयाबद्दल अक्षर नसायचं, साडी कुठे शिवली हेच असायचं.

मग बचतीतून पहिल्या 40 साड्या शिवल्या आणि तोंडावर आपटले. सगळ्या माझ्याच मापाच्या कापल्या होत्या. माझी उंची पाच फूट सहा इंच, आणि सीटचं माप कॅमेऱ्यासाठी अर्धपोटी राहून राखलेलं. मास्तरांनी कात्री लावायच्या आधी दोनदा विचारलं होतं, "ताई, नक्की?" मी म्हटलं, नक्की. निम्म्याहून जास्त साड्या परत आल्या. एकीने सोबत चिठ्ठी पाठवली होती, "मालिकेत छान दिसते, मला गुडघ्यात अडकते." त्यानंतर दोन महिने मी फक्त मापं घेत फिरले. मंगळागौरीच्या खेळात बायका कशा वाकतात, फुगडी घालताना कासोटा कुठे ताणतो, हे बघितलं. भूमिकेसाठी इतका अभ्यास मी कधी केला नव्हता, हे दिग्दर्शकांनी वाचू नये.

अभिनेत्रीने धंदा करणं म्हणजे उतरती कळा, असं ज्यांना वाटतं त्यांना मी दुर्गाबाई खोट्यांची आठवण करून देते. सुखवस्तू घरातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या बाई 1931 मध्ये सिनेमात आल्या त्या पैशांची नड म्हणून. वर्षभरात प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. 1937 मध्ये त्यांनी स्वतः 'साथी' काढला, निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही. पुढे लघुपट आणि जाहिरातपट बनवणारी स्वतःची संस्था चालवली. 1983 मध्ये फाळके पुरस्कार मिळाला, म्हणजे एरवी माणूस शाल पांघरून घरी बसतो तो टप्पा. त्यानंतर पाच वर्षांनी, बाई 83 वर्षांच्या असताना, दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आली, ती त्यांच्या निर्मितीसंस्थेची. 'कामं मिळेनात का', असं त्यांना कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

आजही अभिनेत्री निवेदिता सराफ यांची साड्यांची 'हंसगामिनी' आहे, प्राजक्ता माळीचं दागिन्यांचं 'प्राजक्तराज' आहे. त्यांचं नाव मोठं. माझा चेहरा अर्धवट ओळखीचा, त्यावर फार तर पहिली साडी खपते. तीच बाई दुसरी घ्यायला येते तेव्हा उलटी करून शिलाई बघते.

आणि वाट बघणं संपलं का? नाही ना! गेल्या वर्षीपासून मी मालिकांनाही नऊवाऱ्या पुरवते. उद्यम नोंदणी आहे, लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करावं असा 2006 चा कायदा आहे, तो मला पाठ आहे. नोटीस मात्र अजून कुणाला पाठवलेली नाही, कारण पुढची ऑर्डर हवी असते. फरक इतकाच की माझ्याकडे शिवणाऱ्या चौघींना शनिवारी पैसे मिळतात, माझे आले असोत नसोत. दोनदा त्यासाठी सोनं गहाण ठेवलंय.

मार्चमध्ये एका मालिकेत चार दिवसांचं काम केलं. हो, आईचंच. त्याच सेटवर नऊ साड्याही दिल्या. जून संपत आला. वहीच्या एकाच पानावर, एकाखाली एक लिहून ठेवलंय: अभिनय चार दिवस, येणे. साड्या नऊ नग, येणे.