दीपाचा तो वॉल्ट
आज सहज मोबाईल चाळताना जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचा रिओ ऑलिम्पिक २०१६ चा वॉल्ट परत समोर आला आणि मग काय, सात-आठ वेळा तरी बघितला असेल. प्रोदुनोवा नावाची ती उडी! धावत येऊन टेबलावर हात टेकायचे आणि हवेत पुढच्या पुढे दोन कोलांट्या, डोक्यावर पडलं तर मानच जायची. उतरताना ती इतकी खोल बसते की वाटतं आता टेकली, पण पुढच्या क्षणी उभी, हात वर. दरवेळी माझा श्वास तिथेच अडकतो, आजपण अडकला.

१५.०६६ गुण, चौथा नंबर. ब्राँझ फक्त ०.१५ ने हुकलं, अजून चुटपुट लागते हो. आगरतळ्याची सपाट पायांची मुलगी, ऑलिम्पिकला गेलेली भारताची पहिली महिला जिम्नॅस्ट.

पण मला जास्त भारी वाटतं ते नंतरचं. २०१७ ला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुढच्या वर्षी तुर्कीत मर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपचं गोल्ड, मग मधली अवघड वर्षं, आणि २०२४ मध्ये ताश्कंदला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड, वयाच्या तिशीत! त्याच ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती घेतली.

कमेंटमध्ये व्हिडिओ टाकतेय, लँडिंग स्लो करून बघा.